यापूर्वी दुरुस्त केलेला रस्ता

आजच्या धाग्याचा विषय वरकरणी रुक्ष आहे. गल्लीत खड्डा पडला, तर तो बुजवायचा कुणी? त्याहून अवघड प्रश्न असा : गल्ली खासगी मालकीची असेल, तर तेथे नगरपालिकेने सार्वजनिक पैसा खर्च करावा काय? या प्रश्नाच्या उत्तरात लंडन, मुंबई, महाड आणि वायकोम अशी गावे येतात, आणि शेवटी भारताच्या संविधानातील एक अनुच्छेदही येतो. सुरुवात मात्र खानदेशातून करू.

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा हे तालुक्याचे गाव. (जिजाऊंचे सिंदखेड राजा हे नव्हे; ते बुलढाणा जिल्ह्यात आहे. ही गल्लत समाजमाध्यमांवर इतक्या वेळा होते की, आधीच सांगून टाकलेले बरे.) १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये हा तालुका विरदेल या नावाने नोंदलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्ग शिंदखेड्यावरून गेला. तो बांधणारी ताप्ती व्हॅली रेल्वे ही खासगी कंपनी होती. म्हणजे या गावाला जगाशी जोडणारी सर्वांत मोठी वाट खासगी भांडवलातून आली. याउलट गावातल्या आणि शिवारातल्या लहानसहान वाटा कुणाच्या, हे कोणत्याच कागदावर धडपणे लिहिलेले नव्हते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा आज ज्याला आपण रस्ता म्हणतो तशी बांधीव सडक येथे जवळजवळ नव्हती. वहिवाटीच्या गाडीवाटा होत्या. घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे आणि तिचा हक्क म्हणून त्यांना वाटसरूंकडून काही मिळत असे. वाट ‘सांभाळणे’ म्हणजे प्रामुख्याने तिच्यावरील माणसांचे आणि मालाचे रक्षण. खडी-मुरूम टाकणे ही कल्पना त्यात नव्हती. पहिला कलेक्टर जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, व्यापाऱ्यांना बोलावून वसवले, आणि तेथून हळूहळू सडकांचा काळ सुरू झाला. आग्रा रोड त्यातला प्रमुख.

या सडकांचा खर्च कोण देई? १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा उपकर घेतला जाऊ लागला. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने त्याला पक्के रूप दिले. जमा रकमेचे दोन तृतीयांश रस्ते वगैरे कामांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी, अशी वाटणी ठरली. शिंदखेड्याच्या काळ्या मातीत कापूस पिकवणारा शेतकरी सारा भरताना हा आणाही भरत असे. मात्र त्याच्या आण्यातून प्रथम बांधले गेले ते बाजारपेठांना आणि रेल्वे स्थानकांना जोडणारे रस्ते. त्याच्या शेतापर्यंतची वाट त्यात कुठेच नव्हती. माझ्या मते खानदेशातील रस्त्यांच्या इतिहासातील मूळ विसंगती हीच आहे. वर्गणी सर्वांची, आणि दुरुस्ती मोजक्या वाटांची.

आता शहरांकडे वळू, कारण ‘खासगी रस्ता’ ही कायदेशीर संकल्पना शहरात जन्मली. ती आपल्याकडे आयात झाली इंग्लंडमधून.

इंग्लंडमध्ये जुना रिवाज असा होता की, जमीनमालकाने वाट लोकांसाठी सोडली आणि लोक तिच्यावरून चालू लागले, की ती दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी आपोआप त्या पॅरिशवर, म्हणजे स्थानिक रहिवाशांवर पडे. औद्योगिक शहरे फुगू लागली, तशी घरबांधणी करणाऱ्यांची चंगळ झाली. भराभर गल्ल्या पाडायच्या, घरे विकायची आणि चिखल पॅरिशच्या गळ्यात टाकायचा. १८३५ च्या हायवे कायद्याने हे थांबवले. नवा रस्ता ठरावीक दर्जाचा बांधून, रीतसर सूचना देऊन मान्य करून घेतल्याशिवाय सार्वजनिक खर्चाने दुरुस्त होणार नाही, असे ठरले. त्यामागचा विचार रास्त होता. परिणाम मात्र असा झाला की, शहरोशहरी ज्यांचे कुणीच वाली नाही अशा गल्ल्या उभ्या राहिल्या. मग १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तोडगा काढला गेला : पालिकेने लगतच्या मालकांना रस्ता नीट करण्याची नोटीस द्यावी, त्यांनी न केल्यास स्वतः करून खर्च वसूल करावा, आणि नंतर तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करावा.

हाच साचा मुंबईत उतरला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील ‘सार्वजनिक रस्ता’ याची व्याख्या पाहा. तिचा आशय असा : महापालिकेने *यापूर्वी* समतल केलेला, फरसबंदी केलेला, खडी टाकलेला, गटार काढलेला किंवा दुरुस्त केलेला कोणताही रस्ता, तसेच या कायद्यान्वये सार्वजनिक झालेला कोणताही रस्ता. आणि खासगी रस्ता म्हणजे काय? जो सार्वजनिक नाही तो. बस्स.

या व्याख्येतील ‘यापूर्वी’ या एका शब्दापाशी मी थोडा वेळ थांबणार आहे.

सामान्यतः आपल्याला वाटते की, रस्ता सार्वजनिक आहे म्हणून पालिका तो दुरुस्त करते. कायद्याने हे उलट मांडले. पालिकेने कधीकाळी दुरुस्त केला होता, म्हणून तो सार्वजनिक. ज्या गल्लीला कायदा येण्याआधी पालिकेची खडी मिळाली, तिला पुढची खडी हक्काने मिळणार. जिला मिळाली नव्हती, तिने मालकांचे अर्ज, नोटिसा, गटारे, दिव्यांचे खांब या सगळ्या पायऱ्या चढायच्या. मुंबईच्या कायद्यात तर आणखी एक तरतूद होती : आयुक्ताने रस्ता सार्वजनिक झाल्याची नोटीस लावल्यावर, एका महिन्याच्या आत मालकाने लेखी हरकत घेतली, तर तो रस्ता खासगीच राहील. चिखल मालकाचा, आणि तो चिखल टिकवण्याचा हक्कही मालकाचा!

मुंबईबाहेरच्या गावांसाठी १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला. १८६२ मध्ये स्थापन झालेली धुळे नगरपालिकाही त्याच्या कक्षेत आली. त्यातील व्याख्या थोडी उदार होती. ज्यावरून लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे तो रस्ता सार्वजनिक. किंवा जो यापूर्वी नगरपालिकेच्या ‘अथवा अन्य सार्वजनिक’ पैशातून दुरुस्त झाला आहे तोही. लगतच्या मालकांना नोटीस देऊन काम करवून घेणे, त्यांनी न केल्यास त्यांच्या खर्चाने करणे, आणि बहुसंख्य मालकांनी मागणी केल्यास तो रस्ता सार्वजनिक जाहीर करणे, या तरतुदीही त्यात होत्या. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्याने हीच मांडणी जवळपास जशीच्या तशी उचलली, ‘यापूर्वी’सकट. म्हणजे प्रत्येक नव्या कायद्याबरोबर ती रेषा पुढे सरकली, आणि दोन कायद्यांच्या मधल्या काळात ज्या गल्ल्यांना पैसा मिळाला, त्या अलगद सार्वजनिक झाल्या.

पण पैसा कोणत्या गल्ल्यांना मिळाला? त्या काळच्या नगरपालिकांत मत देण्याचा अधिकार कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या मोजक्यांना होता. पेठेतील रस्ता आधी आणि वेशीबाहेरची वस्ती शेवटी, हा क्रम समजण्यासाठी फार संशोधनाची गरज नाही. कायद्याने त्या क्रमाला इतिहासाचा दाखला देऊन हक्काचे स्वरूप दिले.

येथे मात्र इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. ‘सार्वजनिक पैशातून दुरुस्त झालेले ते सार्वजनिक’ ही अभियंत्यांची आणि हिशेबनिसांची कसोटी जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्यात हत्यार बनली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या नावाने आपण ओळखतो तो ठराव संमत झाला. (खरी आद्याक्षरे एस. के. : सीताराम केशव बोले. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत दोन्ही रूपे फिरतात.) सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील अशी स्थळे, त्याचप्रमाणे सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. कसोटी पाहा : मालकी कुणाची, परंपरा काय, हे विचारलेलेच नाही. पैसा कुणाचा, एवढेच विचारले आहे. ज्या महाराने सारा आणि त्यावरचा एक आणा भरला, त्याच्या पैशातून बांधलेल्या विहिरीवर त्यालाच बंदी कशी, हा प्रश्न आता कायद्याच्याच भाषेत विचारता येऊ लागला.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि पुढचा इतिहास आपणास ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो : हे तळे खासगी स्वरूपाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक पैशाची कसोटी टाळायची असेल, तर ‘हे सार्वजनिकच नाही’ असे म्हणणे हा एकच मार्ग उरतो. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, हे त्याचे सार.

त्याच वर्षी ३१ जुलैला डॉ. आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते. आग्रा रोडवरील लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. दरवर्षी त्या दिवशी तेथे आजही लोक जमतात.

तळ्याचे उदाहरण रस्त्याला कसे लागू, असे कुणी विचारील. त्यासाठी त्रावणकोरातील वायकोम पाहावे. तेथे लढा रस्त्याचाच होता. महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालण्यास मनाई होती. त्रावणकोर संस्थानाने १८६५ मध्येच सार्वजनिक रस्ते सर्व जातींना खुले असल्याचे जाहीर केले होते. मग बंदी टिकली कशी? न्यायालयाने राजवीथी आणि ग्रामवीथी असा भेद केला, आणि खुले म्हणजे फक्त राजवीथी, असा अर्थ लावला. मंदिराभोवतीचे रस्ते देवस्थानचे, म्हणून सार्वजनिक नव्हेत, हा युक्तिवाद १९२४ च्या सत्याग्रहातही पुढे आला. अखेर १९२५ मध्ये तडजोड झाली. तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा राहिला.

महाड आणि वायकोम शेजारी ठेवून वाचले, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मधील शब्दयोजना एकदम उलगडते. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कुणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, *रस्ते* आणि सार्वजनिक वावराच्या जागा वापरण्यास मनाई करता येणार नाही, असे तो सांगतो. कोणत्या जागा? ज्या पूर्णतः किंवा *अंशतः* राज्याच्या पैशातून राखल्या जातात, किंवा ज्या जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या आहेत. ‘राज्य’ या शब्दात नगरपालिका आणि ग्रामपंचायतीही येतात. ‘अंशतः’ हा शब्द बारकाईने वाचा. एकदा थोडा जरी सार्वजनिक पैसा पडला, तरी पुरे. १८८८ च्या कायद्यातील ‘दुरुस्त केलेला’ आणि १९२३ च्या ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ यांची ही थेट वंशावळ आहे, असे माझे वाचन आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, पैशाची अटही ओलांडली. इतर लोकांना जेथे जाण्या-येण्यास मोकळीक आहे असा कोणताही रस्ता किंवा वाट त्याच्या कक्षेत आली.

आता परत शिंदखेड्याकडे.

स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके येथे ग्रामपंचायत होती. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा सार्वजनिक रस्त्यांची देखभाल पंचायतीवर सोपवतो. पंचायतीच्या दप्तरात रस्त्यांची स्वतंत्र नोंदवही असते, तिला ‘नमुना २३’ म्हणतात. त्यात नोंद नसलेल्या रस्त्यासाठी निधी मागायला गेले, की पहिला प्रश्न तोच येतो : नमुना २३ ला आहे का? ‘यापूर्वी’ची ही गावठी आवृत्ती. गेल्या दशकात राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर केले, त्यात शिंदखेडाही आले. नगरपंचायत हा प्रकार चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणलेला. ग्रामीण भागातून शहरी भागात संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी. त्याबरोबर १९५८ चा कायदा गेला आणि १९६५ चा लागू झाला.

अशा गावांत जुन्या गावठाणाबाहेर शेतजमिनी बिनशेती होऊन प्लॉट पडतात. नकाशावर नऊ किंवा बारा मीटरचे रस्ते आखलेले, मोकळी जागा सोडलेली, सगळे देखणे. मंजुरीच्या अटींत रस्ते, गटारे, दिवे ही कामे सहसा जमीनमालकानेच करावयाची असतात. प्लॉट विकले जातात, विकणारा निघून जातो, आणि सातबाऱ्यावर रस्त्याचा तुकडा मूळ मालकाच्या नावे तसाच राहतो. घरपट्टी मात्र चालू होते. पहिल्या पावसात काळी माती आपले रूप दाखवते, आणि रहिवासी अर्ज घेऊन कार्यालयात जातात, तेव्हा उत्तर मिळते : तुमचे रस्ते हस्तांतरित झालेले नाहीत. १८३५ पूर्वीच्या इंग्लंडमधील घरबांधणीवाले आणि आजचे प्लॉटवाले यांची भेट झाली असती, तर त्यांना एकमेकांचा धंदा समजायला वेळ लागला नसता.

या कोंडीवर सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवली आहे. पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या खटल्याचा निकाल १९९५ च्या निर्णयसंग्रहात आहे. त्यानुसार मंजूर नकाशात रस्ता किंवा बाग म्हणून दाखवलेली जागा मालक यापुढे स्वतःसाठी वापरू शकत नाही. तो ती जनतेसाठी विश्वस्तासारखी धारण करतो. पण पालिकेला ती फुकटात आपल्या मालकीची करून घेता येत नाही. म्हणजे कॉलनीच्या रस्त्याला मालक आहे, त्याला अधिकार नाही. जनतेला वापर आहे, तिच्याकडे कागद नाही. ही जागा भरून काढण्याचा मार्ग १९०१ पासून कायद्यात आहेच : मालकांना नोटीस, न केल्यास त्यांच्या खर्चाने काम, आणि मग जाहीर घोषणा. तो क्वचित वापरला जातो, कारण ज्यांच्याकडून खर्च वसूल करायचा तेच मतदार असतात.

थंड प्रदेशांत हाच वाद बर्फाच्या रूपाने येतो. अमेरिकेतील न्यू जर्सीत, जेथे आता बरीच मराठी कुटुंबे राहतात, १९९० च्या सुमारास एक कायदा झाला. खासगी वसाहतींतील रहिवासीही पालिकेचा कर भरतात. म्हणून त्यांच्या अंतर्गत रस्त्यांवरील बर्फ काढणे, दिवाबत्ती आणि कचरा उचलणे या सेवा पालिकेने द्याव्यात, अथवा त्यांचा खर्च परत करावा, असे त्याने ठरवले. रस्त्याची मालकी खासगीच राहिली, डांबरीकरणही वसाहतीकडेच. आपल्या कायद्यात ही मधली वाट नाही. येथे रस्ता एक तर पूर्ण सार्वजनिक, नाहीतर पूर्ण अनाथ.

राहिला तो शेतकऱ्याचा आणा. शेताकडे जाणाऱ्या वाटेसाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार आहे : कुणी वहिवाटीची वाट अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून रस्ता मिळवून देते. ही दोन्ही साधने वाट *मोकळी* करतात, ती *बांधत* नाहीत. सार्वजनिक पैसा शेतरस्त्यावर पडावा यासाठी खास योजना यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेत हे काम रोजगार हमीशी जोडले गेले. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे आदेश दिले.

हा रकाना ध्यानात ठेवा. तो मालकीचा रकाना नव्हे. कर्ज, कुळ, बोजा असे सगळे तेथेच लिहिले जाते. सारा वसुलीसाठी आखलेल्या या कागदावर वाटेला मिळालेली ही जागा आहे, आणि ती मिळायला एक आणा सुरू झाल्यापासून १६२ वर्षे लागली.

तुमच्या गावच्या नमुना २३ मधील सर्वांत जुनी नोंद कोणत्या रस्त्याची आहे, आणि कोणत्या वस्तीचा रस्ता त्यात सर्वांत उशिरा आला, हे पाहता आले तर प्रतिसादात लिहा. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत हे दप्तर मागता येते. खानदेशातील नोंदी आल्या, तर पुढचा धागा त्यांवर करीन.